क्रांतीला जाताना बरोबर काय घ्यावे

अमुकस्तानातील एकतीस वर्षांची हुकूमशाही जनतेने उलथून टाकल्याची वार्ता इंदूरला पोहोचली, तेव्हा आम्ही रामबागेत नेहमीच्या ठेल्यावर उभे होतो, आणि पोह्यांवर जीरावन पडण्यापूर्वीच तेथील पुढील राज्यव्यवस्था कशी असावी हे ठरवून मोकळे झालो. आम्हाला हा अधिकार अनुभवाने आलेला आहे. होळकरांच्या महाराजांनी १९२६ साली गादी सोडली ती एका सहीने, आणि १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेही सहीनेच. सबब क्रांतीविषयी निर्लेप मनाने सल्ला देण्यास इंदूरकरांइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. आपणावरही कधी प्रसंग आलाच, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. फार लवकर जाणाऱ्यास गोळी लागते आणि फार उशिरा जाणाऱ्यास खुर्ची मिळत नाही. अध्यक्षांचे विमान उडाल्यानंतर आणि दूरदर्शनवरील निवेदकाचा सूर बदलण्यापूर्वी जो अर्धा-पाऊण तास मिळतो, तोच खरा मुहूर्त. मात्र सरकारी सभेचे बोलावणे कधीही टाळू नये. रुमानियाच्या चाउसेस्कू यांनी २१ डिसेंबर १९८९ रोजी स्वतःच्याच समर्थनार्थ बुखारेस्टमध्ये सभा भरवली, तिच्यासाठी कारखान्यांतून माणसे आणवली, आणि त्याच गर्दीने त्यांची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी ते हेलिकॉप्टरने पळाले आणि नाताळच्या दिवशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सरकारी खर्चाने जाऊन सरकार पाडण्याची अशी सोय वारंवार होत नसते.

खिशात कात्री असावी. रुमानियन लोकांनी झेंड्याच्या मधोमध असलेले राजचिन्ह कापून काढले आणि भोक पडलेला तोच झेंडा क्रांतीचा म्हणून फडकवला. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आमच्या आजीने या काटकसरीला मनापासून दाद दिली असती. टॉवेलही घ्यावा, कारण ९ जुलै २०२२ रोजी कोलंबोत राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी शिरलेली मंडळी तेथील तलावात यथेच्छ पोहली होती.

झाडू मात्र नेऊ नये. स्वच्छतेचा अभिमान बाळगणाऱ्या इंदूरकरास हे लिहिताना क्लेश होतात, पण इजिप्तचा दाखला समोर आहे. ११ फेब्रुवारी २०११ रोजी मुबारक पायउतार झाले आणि दुसऱ्याच दिवशी कैरोतील तरुण तहरीर चौक झाडण्यास लागले. त्याच्या पुढच्या दिवशी लष्करी परिषदेने संसद विसर्जित केली आणि राज्यघटना स्थगित ठेवली. झाडलोट दोन्हीकडे चालली होती, फक्त एका बाजूच्या हाती झाडू होता आणि दुसऱ्या बाजूच्या हाती शिक्का. आपण शिक्क्याच्या जवळपास घुटमळत राहावे.

आता घरातल्या तयारीविषयी. माझा एक आतेभाऊ अमुकस्तानात मसाल्याचे दुकान चालवतो. तेथे प्रत्येक दुकानात आजन्म अध्यक्षांची तसबीर लावणे सक्तीचे होते आणि दरमहा एक शिपाई येऊन तिच्यावरची धूळ बोटाने तपासून जात असे. क्रांतीच्या संध्याकाळी भावाने तसबीर उतरवली, तेव्हा हळदी-मिरचीच्या धुरळ्याने तांबूस झालेल्या भिंतीवर तेवढाच पांढराशुभ्र चौकोन उरला. त्याने उत्साहाने इंदूरला फोन लावला. आत्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "बरं झालं रे बाळा. पण खिळा मात्र उपटू नकोस हो."

मागच्या आठवड्यात तोच शिपाई नव्या पट्ट्यानिशी दुकानात आला आणि क्रांती समितीच्या हंगामी समन्वयकांची तसबीर देऊन गेला. ती आकाराने लहान असल्यामुळे भोवतीचा पांढरा भाग दिसतो आणि गिऱ्हाइके विनाकारण चौकशा करतात. मोठ्या आकाराची तसबीर मिळावी म्हणून भावाने स्वतः होऊन अर्ज केला आहे.