आठ वाजून दोन मिनिटं

आज सकाळी आमच्या घरात तीन माणसं तीन फोन घेऊन बसली होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. चहा उतू गेला, तरी कोणी उठलं नाही. कोकणातल्या माणसाला कारण सांगायला नको. गणपतीला गावी जायच्या रेल्वेचं रिझर्व्हेशन आठला उघडणार होतं.

७:५९ला लॉगिन. नावं, वयं सगळं आधीच भरून ठेवलेलं. आठच्या ठोक्याला माझ्यासमोर कॅप्चा. त्यातलं ते शून्य आहे की ओ, हे ठरवेपर्यंत माझा खेळ खलास. बायकोचा फोन आत शिरला, जागा दिसली, पैसे भरायच्या पानावर ते चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. खात्यातून पैसे गेले, तिकीट आलंच नाही. तोवर भाच्याच्या फोनवर 'रिग्रेट'. घड्याळात आठ वाजून दोन मिनिटं. म्हणजे वेटिंगसुद्धा संपलं. ताटकळत उभं राहायलाही जागा नाही म्हणे!

सव्वाआठला आईचा फोन. "तिकीट गावला काय रे?"

काय सांगू? आई ७३ वर्षांची आहे, गुडघे गेलेत. आयुष्यभर डोंबिवलीत राहिली, पण चतुर्थीला कुडाळात नाही असं एकही वर्ष नाही. तिला कॅप्चा येत नाही. तिच्या वयाच्या बायकांना सिनिअर सिटिझन म्हणून तिकिटात ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली थांबवली. कोरोना गेला, सवलत काही आली नाही. पूर्ण पैसे भरते बिचारी, आणि मिळतं काय, तर आरएसी.

गेल्या वर्षीचं सांगतो. एस-५, ४७ नंबर, साइड लोअर, आरएसी. म्हणजे दोघांनी पूर्ण भाडं भरायचं आणि एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत रात्र काढायची. समोर कोण, तर पंचविशीतला एक मुलगा, मांडीवर मखराचं सामान घेऊन. मी ठाण्याला आईला बसवलं आणि खाली उतरलो. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती आणि दुसऱ्या हाताने गुडघा चोळत होती. ते चित्र अजून डोक्यातून जात नाही.

तर मुद्दा असा की हे दरवर्षी होतं. गणपती काय अचानक येतात? पंचांग वर्षभर आधी छापलेलं असतं. कोण, कुठून, कुठे जाणार हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट निघायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आणलं. आधार जोडा म्हणाले, जोडलं. ओटीपी द्या म्हणाले, दिला. आता उरलंय काय, पत्रिका जुळवायची?

जादा गाड्या सोडतात, मान्य आहे. नाही असं नाही. पण रूळ तेवढेच. रोह्यापासून वीरपर्यंतचे ४६ किलोमीटर दुहेरी झाले, पुढे जवळपास सगळी एकेरीच. मग ती स्पेशल कुठल्यातरी स्टेशनात तासभर उभी, समोरून दुसरी जाईपर्यंत. रस्त्याने जा म्हणणाऱ्यांनी कृपया कमेंट करू नये. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ला सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता मतदान करतात.

आणि तो तुतारी एक्स्प्रेसचा घोळ! दादरहून रात्री १२:०५ला सुटते. म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढायचं. आमच्या चाळीतलं एक कुटुंब एका वर्षी सामानसुमान, नारळ, आरतीची झांज घेऊन फलाटावर पोचलं, आणि त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली. हसू नका. आपल्यातल्या निम्म्यांचं एकदा तरी झालंय.

बाबा कल्याणच्या खिडकीवर रात्री जाऊन नंबर लावायचे. रांगेत माणसांऐवजी चपला, पिशव्या, विटा. कोणीतरी स्वयंघोषित पुढारी वहीच्या कागदावर नावं लिहायचा आणि तासातासाने हजेरी घ्यायचा. त्यातही भानगडी होत्याच, खिडकीजवळ घुसणारे दलाल होते. पण निदान आपल्या पुढे किती जण आहेत हे दिसायचं! आता पुढे माणूस आहे की मशीन, काही कळत नाही. भांडायचं तरी कोणाशी?

चार्ट, म्हणजे कोणाला जागा मिळाली त्याची शेवटची यादी, पूर्वी गाडी सुटायच्या चार तास आधी लागायचा, २०२५ पासून त्याच्या बराच आधी लागायला लागला. हे बरं केलं. एवढंच.

पण माझा खरा राग आहे तो आपल्याच लोकांवर. एकेका घराने तीन-तीन तारखांची तिकिटं काढून ठेवायची, 'बघू, सुट्टी कशी मिळते ते.' मग शेवटच्या दिवशी दोन रद्द. तोवर दुसऱ्याची म्हातारी आई वेटिंगवर लटकलेली. लाज वाटत नाही?

हे वाक्य लिहून दहा मिनिटं थांबलोय. कारण गेल्या वर्षीची गोष्ट मी अर्धीच सांगितली.

आईचं मी दोन तारखांचं काढलं होतं. एक हे आरएसी, आणि एक दोन दिवसांनंतरचं, कन्फर्म, लोअर बर्थ. पण आईला आधी जाऊन घर झाडायचं होतं, माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं, सामान जमवायचं होतं. ती आरएसीनेच गेली. दुसरं तिकीट रद्द करायचं मी विसरलो. साफ विसरलो.

चतुर्थी झाल्यावर तिने फोनवर प्रवासाचं सगळं सांगितलं. म्हणाली, तो मुलगा पनवेल गेल्यावर उठला. "काकी, तुम्ही आडव्या व्हा," म्हणाला, आणि बर्थच्या पाठी पाडून मधल्या फटीवर त्याने स्वतःची चादर घडी करून घातली. रत्नागिरीपर्यंत दाराजवळ पेपर टाकून बसला होता. मखराचं सामान मात्र तिच्या पायाशी ठेवून गेला, तेवढं बघा म्हणाला. आई रात्रभर पाय आखडून झोपली, थर्माकोल मोडेल म्हणून.

आणि बोलता बोलता त्याने सांगितलं की त्याची आई दोन दिवसांनी निघणार आहे, त्याच गाडीने, पण तिचं वेटिंग काही हलत नाहीये.

दोन दिवसांनी. त्याच गाडीने.

मला तेव्हा आठवलं. आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मगे कोणाची तरी जागा तूच अडवून ठेवलंस मा?" ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तो बर्थ टीसीने कोणाला तरी दिला असेलच, रिकामा थोडाच जाणार. पण त्या बाईला मिळाला की नाही, की ती लाल डब्याने गेली, कोण जाणे. त्या मुलाचं नावही आईने विचारलं नव्हतं.

असो. आज शेवटी साडेआठपर्यंत झटापट करून दोन तिकिटं निघाली. गुरुवारचं आरएसी, शुक्रवारचं वेटिंग ९०. आईला सांगितलं. म्हणाली, "आरएसी आसा मा? माका बसान जाऊक चलात. औंदा दोन-दोन ठेवू नको."

शुक्रवारचं आत्ता रद्द केलं. ६० रुपये कापले. वेटिंग ९१वाल्या, तुझा नंबर एकाने वर सरकलाय, बघ.