‘जिवाचा प्रश्न असेल तर अडवत नाहीत’ हे खरं नाही

अमेरिकेतल्या कॅथलिक रुग्णालयांवर टीका झाली की एक उत्तर हमखास येतं: ‘त्यांचा विरोध फक्त कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला आहे, बाईच्या जिवाचा प्रश्न असेल तर ते करतात. नियम कडक असले तरी डॉक्टर वाट काढतात. आणि नाहीच जमलं तर दुसरं हॉस्पिटल आहेच.’ तिकडे बाळंत होणाऱ्या आपल्या लेकी-सुना अशा भरवशावर निर्धास्त राहतात, म्हणून हे लिहितोय.

आधी जिवाचं बघू. ही रुग्णालयं अमेरिकेतल्या बिशपांच्या, म्हणजे वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरूंच्या, परिषदेची नियमावली पाळतात. तिचं 53वं कलम थेट नसबंदीला साफ मनाई करतं. सूट एवढीच, की आत्ता असलेला गंभीर आजार बरा करताना वंध्यत्व आलं आणि त्याहून साधा उपचार नसला, तर चालेल. म्हणून गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी पिशवी काढतात. तेही करत नाहीत असं सांगणारे चुकतात. पण हृदय कमजोर आहे, पुढचं गरोदरपण झेपणार नाही, तेव्हा गर्भनलिका बांधा, म्हणजे नसबंदी करा, हा सल्ला त्या सुटीत बसत नाही. आजार हृदयात आणि ऑपरेशन निरोगी नलिकांवर, म्हणून नकार.

व्हॅटिकनने 1993 मध्ये आणखी नेमकं उत्तर दिलं. आधीच्या सिझेरियनमुळे पिशवी कमजोर झाली आहे, पुढचं गरोदरपण धोक्याचं आहे, पण आज तिच्यापासून धोका नाही. अशा वेळी पिशवी काढायची नाही आणि नलिकाही बांधायच्या नाहीत. 2018 मध्ये थोडी मोकळीक मिळाली, पण ती फक्त पिशवी काढण्यापुरती, आणि गर्भ जगण्याइतका वाढायच्या आतच पडेल अशी डॉक्टरांची खात्री असेल तरच. आईचं हृदय, मूत्रपिंडं, रक्तदाब यांचा त्यात विचार नाही. मला हे अमानुष वाटतं.

वाट काढण्याचं म्हणाल, तर ऑरेगनमधल्या बेंड शहराचं उदाहरण आहे. तिथल्या सेंट चार्ल्स रुग्णालयाने नलिका बांधणं थांबवलं नाही, तेव्हा 2010 मध्ये बिशप रॉबर्ट वासा यांनी त्याची कॅथलिक ओळखच काढून घेतली. तिथल्या प्रार्थनागृहातला मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, हीसुद्धा बंद झाली.

राहिलं दुसरं हॉस्पिटल. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या सिझेरियनला ‘पोट उघडलंच आहे तर ऑपरेशनही उरकून घेऊ’ असं डॉक्टर सहज म्हणतात, कारण त्याच टेबलावर ते काही मिनिटांचं काम असतं. ती वेळ गेली की ओल्या बाळंतिणीला पुन्हा भूल, पुन्हा टाके. शिवाय विमा कुठे चालतो हेही बघावं लागतं. मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये 1972 साली प्रसूतिविभाग एकाच रुग्णालयात होता, तेही कॅथलिक. एका जोडप्याने कोर्टाकडून सिझेरियनसोबतच्या नसबंदीचा आदेश मिळवला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून रुग्णालयांना नकाराचं संरक्षण दिलं, आणि तो कायदा आजही आहे.

त्यामुळे भांडून ऐनवेळी काही मिळत नाही, आधी विचारावं लागतं. नावावरून ओळखता येईलच असं नाही: डिग्निटी हेल्थ या रुग्णालय-साखळीची काही हॉस्पिटलं कॅथलिक आहेत, काही नाहीत. पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना थेट विचारा, ‘सिझेरियन झालं तर इथे नलिका बांधता येतील का?’ उत्तर लेखी घ्या. मेडिकेडवर (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर) असाल तर संमतीपत्रावर सही करून साधारण तीस दिवस थांबावं लागतं, म्हणून हे नवव्या महिन्यावर ढकलू नका.