संपाने बुडाली म्हणे एम्प्रेस!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. थोडक्यात असा: नागपूर म्हणजे नुसती दलदल होती, टाटांनी येऊन इथल्या लोकांना कापड शिकवलं, एम्प्रेस मिलचं उद्घाटन खुद्द व्हिक्टोरिया राणीने केलं, आणि सोन्यासारखी गिरणी दत्ता सामंतांच्या संपाने बुडाली. खाली हात जोडलेले.

राणीचं आधी उरकतो. व्हिक्टोरिया हिंदुस्थानात कधी आलीच नाही. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात तिला सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, त्याच दिवशी इथली गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस.

दलदलीचं अर्धं खरं. जुम्मा तलावाजवळची ती जागा पाणथळच होती. हे म्हणजे जमिनीत सोनं गाडणं आहे, असं म्हणत एका सावकाराने जमशेटजींना पैसे नाकारले आणि पुढे तोच पस्तावला, ही गोष्ट अजून सांगतात. पण जागा पाणथळ होती, शहर नाही. जमशेटजी इथे आले कारण कापूस हाताशी होता आणि १८६७ मध्येच रेल्वे नागपूरला पोचली होती.

आता 'कापड शिकवलं'. इथे मात्र डोकं फिरतं. कोष्टी भोसल्यांच्या काळापासून नागपुरात विणतायत. नागपुरी रेशीमकाठी धोतराला लांबलांबून गिऱ्हाईक होतं. माझं लहानपण कोष्ट्यांच्याच गल्लीत गेलं. आजोबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे, आजी चरख्यावर कांड्या, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या, भरायची. शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात आणि आम्हीही कांड्यांवर. गल्लीभर ताणा, म्हणजे उभं सूत, पसरून त्याला खळ लावायची पाजणी चालू असली की सायकल खांद्यावर उचलून न्यावी लागे. चाक सुताला घासलं तर बाप कोणाचा हे न पाहता शिव्या.

आणि ते सूत गिरणीचंच असायचं! म्हणजे गिरणी आली नि हातमाग त्याच दिवशी मेला, असंही नाही. गिरणीच्या सुतावर कोष्ट्याचा माग कितीतरी वर्षं चालला. पहिली मेली ती घरची सूतकताई. हातसुताचं जाडंभरडं कापड विणणाऱ्या महारांचा धंदा गेला आणि त्यांच्यातलेच कितीतरी जण पुढे गिरणीत कामाला लागले. त्यांना सूत कोणी शिकवायची गरज नव्हती.

टाटांचं श्रेय मी नाकारत नाही. सूत कातायच्या नव्या पद्धतीच्या रिंगच्या चात्या देशात इतर गिरण्या बिचकत होत्या तेव्हा एम्प्रेसने लावून पाहिल्या. कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ चा, अपघाताची भरपाई १८९५ पासून; सरकारी कायदा १९२३ ला आला. रेल्वेच्या मालखात्यातून आणलेल्या बेझनजी मेहतांनी गिरणी नावारूपाला आणली. बेझनबाग हे नाव त्यांचंच.

राहिला संप. सामंतांचा संप जानेवारी १९८२ चा आणि मुंबईच्या गिरण्यांचा. नागपुरातलीच आमची दुसरी गिरणी, मॉडेल मिल, आजारी गिरण्यांच्या यादीत जाऊन राष्ट्रीयीकृत झाली १९७४ ला, म्हणजे त्या संपाच्या आठ वर्षं आधी. एम्प्रेस १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि कायमची बंद पडली २००२ मध्ये. संपाने बुडालेली गिरणी वीस वर्षं कशी चालते, बावा? नागपुरात संप झालेच नाहीत असं नाही. कामगार पुढारी रुईकरांच्या काळात चांगले दणदणीत झाले, पण ते स्वातंत्र्याच्या आधीचे, आणि त्यानंतर गिरणीचा भोंगा कित्येक दशकं वाजत होता. गिरण्यांना खाल्लं ते जुनाट यंत्रांनी आणि भिवंडी-इचलकरंजी-मालेगावच्या स्वस्त यंत्रमागांनी. शेवटी शेवटी तर गिरणीतल्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली होती. तिथे आज मॉल आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मेसेज टाकणारे काका रोज मॉडेल मिल चौकातून फिरायला जातात, म्हणून त्यांना वेगळं विचारलं, "काका, ही मिल कोणत्या संपाने गेली?" दोन निळ्या खुणा आल्या. सकाळी सुप्रभातचं गुलाबाचं फूल आलं.