कमलाबाई गोखले आणि फिरता मजकूर

दर काही महिन्यांनी हा मजकूर कुणीतरी पुढे ढकलतंच : ‘भारताच्या पहिल्या सिनेमाची नायिका कमलाबाई गोखले. दुर्गा खोटे त्यांच्या आई. कमलाबाई पडद्यावर आल्या आणि पुरुषांनी साड्या नेसून कामं करणं थांबलं. पुढे त्या सिनेमातून नाहीशा झाल्या. विक्रम गोखले हे त्यांचे नातू.’ यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं.

पहिला सिनेमा ‘राजा हरिश्चंद्र’, मे १९१३. त्यातली तारामती अण्णा साळुंके यांनी केली. कमलाबाई त्यात नाहीत. त्या आल्या फाळक्यांच्या त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, मोहिनी म्हणून, वयाच्या जेमतेम तेराव्या वर्षी. पार्वतीचं काम त्यांच्या आईनं केलं : दुर्गाबाई कामत यांनी. दुर्गा खोटे जन्मल्या १९०५ मध्ये, कमलाबाई १९०० मध्ये. लेकीपेक्षा पाच वर्षांनी धाकटी आई! मजकूर पुढे ढकलण्याआधी निदान एवढी वजाबाकी तरी करावी.

साड्यांचं म्हणाल तर १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये रामही साळुंके आणि सीताही साळुंकेच. रंगभूमीवर बालगंधर्व पुढेही कितीतरी वर्षं स्त्रीभूमिका गाजवत होते. फार कशाला, कमलाबाईंचे यजमान रघुनाथराव हे स्वतः किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीपार्ट करणारे नट.

‘नाहीशा झाल्या’ हे मात्र मला सगळ्यात खटकतं. एका सिनेमावर सगळं आयुष्य गुंडाळायचं आणि वर हळहळायचं! मुळात कमलाबाई नाटकातल्या. आईबरोबर लहानपणापासून फिरत्या कंपन्यांमध्ये वाढल्या, पुढे गोखल्यांच्या ‘चित्ताकर्षक’ नाटक मंडळीच्या नायिका झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात मुलं. काम थांबवणं परवडणारं नव्हतं आणि त्यांनी ते थांबवलंही नाही. नाटकं चालू राहिली, सिनेमेही. बोलपटांत चरित्र भूमिका केल्या. मुलांपैकी चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. कमलाबाईंच्या सिनेमांची संख्या ३५ च्या आसपास सांगतात, आणि त्यातला ‘गहराई’ १९८० चा आहे.

पुढे रीना मोहन यांनी ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. त्यात नव्वदीच्या कमलाबाई स्वतःच बोलतात. मजकूर लिहिणाऱ्यानं तो पाहिला असता तर निम्मं काम वाचलं असतं.