म्हणे "भरधाव वेगात"!

आज दुपारी भाच्याने त्याच्या अपघाताच्या रिपोर्टची प्रत पाठवली आणि डोकंच फिरलं. "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात." अरे, वळण घेत होता तो, दुसऱ्या गिअरमध्ये! शेजारी त्याची आई बसलेली. काटा चाळीसच्या पुढे सरकला तरी ओरडणारी बाई आहे ती. कुणीतरी सांगितलं 'गाडी जोरात आली', आणि कागदावर उतरताना त्याचं भरधाव झालं. ठोकळा तयारच असतो, नाव आणि गाडीचा नंबर तेवढा भरायचा.

एवढी चिडायचं खरं कारण वेगळं आहे. असा एक जबाब मीही दिलाय.

सहा वर्षं झाली. चौकात फोनवर बोलत उभी होते. धाडकन आवाज आला, पाहते तर पांढरी गाडी आडवी, निळीचं बॉनेट वर आलेलं, रस्ताभर काचा आणि सिग्नल लाल. तो लाल दिवा आजही डोळ्यांसमोर आहे. पोलिसांनी विचारलं, "निळीवाला सिग्नल तोडून आला ना?" मी म्हटलं, हो.

मी दिवा पाहिला तो आवाजानंतर. धडक बसली त्या क्षणी तो कुठला होता, मला काय ठाऊक? पण त्या 'ना'ने माझं काम सोपं केलं.

१९७४ साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना अपघाताच्या फिल्म दाखवल्या होत्या. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना, एकमेकींना लागल्या तेव्हा किती? फिल्म त्याच, पण पहिल्यांचं सरासरी उत्तर ताशी चाळीस मैलांच्या जरा वर आणि दुसऱ्यांचं ३१.८. पुढच्या प्रयोगात तर आठवड्यानंतर 'आदळल्या'वाल्या ५० जणांपैकी १६ जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती! माणसं खोटं बोलत नव्हती हो. मीही नव्हते.

बरं, पोलिसांनाही हजार व्याप असतात. जखमींना हलवायचं, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि दहा माणसं दहा गोष्टी सांगणार. मान्य. पण नुसतं "काय पाहिलंत?" विचारायला जास्त वेळ लागतो का?

आणि बघ्यांपेक्षा रस्त्याला विचारा ना! टायर कुठून घासत आले, काचांचा सडा कुठे पडलाय, कुठल्या गाडीचा कुठला कोपरा चेपलाय. गाड्या हलवायच्या आधी चार फोटो काढले तरी निम्मी भांडणं मिटतील. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये तर एअरबॅगच्या युनिटमध्येच धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक नोंदलेला असतो. भाच्याच्या वेळी काय केलं? क्रेन आणली, रस्ता झाडला, मोकळे झाले. मग उरलं काय, तर 'जोरात आली'.

भाचा विचारतोय, त्या साक्षीदाराला गाठून जाब विचारू का. तासाभरापूर्वी मी म्हटलं असतं, जरूर विचार. हे लिहिता लिहिता हात थांबला. तोही बिचारा माझ्यासारखाच असेल, मदत करायला म्हणून पुढे झालेला.

माझा जबाब मला वाचून दाखवला होता. त्यात "समक्ष पाहिले" असं होतं. मी मान डोलावली. निळ्या गाडीचा माणूस तिथेच फुटपाथच्या कडेला बसून ऐकत होता, चष्म्याची काडी तुटलेली, एका हाताने चष्मा नाकावर धरलेला. अजिबात चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, तुमची पाठ होती ना इकडे?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पाठच होती.