पाणी कुठून येतंय ते आधी शोधा, मग पार्ट बदला!

गाडीत पावसाचं पाणी आलं की चूक मालकाचीच, हे या सर्व्हिस सेंटरवाल्यांना कोण शिकवतं? काउंटरवर गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, काच उघडी राहिली असेल." नाही राहिली. जन्म चिपळुणात गेलाय माझा. जून ते सप्टेंबर इथे काच खाली ठेवून कोणी गाडी लावत नाही. मग दुसरा प्रश्न, "ओली छत्री पायाशी ठेवता का?" अहो, एका छत्रीच्या पाण्याने कार्पेटखालचा फोम पिळून बादलीत पाणी काढायची वेळ येते का?

सुरुवात झाली ती डाव्या बाजूच्या सीटसमोर, पायाशी. कार्पेटला वरून हात लावला तर नुसतं दमट लागायचं. टाच दाबली की पाणी वर यायचं. हा फोम चांगला जाड असतो, एकदा भिजला की वरून वाळल्यासारखा दिसतो आणि खाली तसाच ओला राहतो. गाडीत कुबट वास, काचांवर सतत बाष्प. एवढंच असतं तर सहन केलं असतं. पण मग हेडलाइट चालू असताना इंडिकेटर भलत्याच वेगाने लुकलुकायला लागला. एअरबॅगचा दिवा पेटून राहिला. रात्री दोन-तीन वाजता सेंट्रल लॉक आपोआप खटाखट उघडायचं-बंद व्हायचं, आणि सकाळी बॅटरी ठार.

यावर त्यांचा पहिला उपाय काय, तर नवी बॅटरी. अरे, बॅटरी का उतरतेय हे तरी बघाल? गाडी बंद करून, लॉक करून थोडा वेळ ठेवली की ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी करंट जायला हवा. एखादं मॉड्यूल, म्हणजे गाडीतला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स, ओलं होऊन गाडी बंद केल्यावरही झोपतच नसेल आणि रात्रंदिवस अर्धा अँपिअर खात असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. तीन दिवससुद्धा टिकणार नाही, मग तुम्ही कितीही नवी टाका. मीटर लावून हे मोजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मोजलं नाही कोणी. जुनी काढली, नवी बसवली, बिल हातात दिलं.

मग जुलैमध्ये कराडला जाताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागले आणि वायपर मधेच थांबले. अर्ध्या काचेवर, उभे. समोर धुकं, वरून धो धो पाऊस, मागे ट्रक, शेजारी माझी आई. वायपरचा दांडा वर-खाली केला, काही नाही. हॅझर्ड लावायला गेले तर तेही लागेनात. काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि कशीबशी एका वळणाशी रुंद जागेत गाडी लावली. आईने तोंडातून शब्द काढला नाही, फक्त वरच्या हँडलला घट्ट धरून बसली होती. हे सगळं मी सर्व्हिस ॲडव्हायजरला सांगितल्यावर तो म्हणाला, "पावसाळ्यात मॉइश्चरमुळे होतं असं." कोकणात चार महिने पाऊस पडतो हे गाडी विकताना माहीत नव्हतं का यांना? घाटात वायपर बंद पडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्याला "होतं असं" म्हणतात?

पुढे स्कॅनर लावला. कोड आला, बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी (बीसीएम, म्हणजे लॉक, वायपर, इंडिकेटर सांभाळणारा बॉक्स) संपर्क तुटतोय म्हणून. लगेच निकाल लागला, बीसीएम खराब, बदला. १८,५०० रुपये, वर लेबर, त्यावर जीएसटी. मी विचारलं, ते खराब कशाने झालं? उत्तर नाही. स्कॅनर एवढंच सांगतो की अमुक मॉड्यूल बोलत नाहीये. का बोलत नाहीये हे माणसाने वाकून बघायचं असतं. माझ्या गाडीत तो बीसीएम डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली आहे, बरोबर ओल्या कार्पेटच्या वर. दोन्ही गोष्टी एकाच जॉबकार्डवर लिहिल्या होत्या, एकाखाली एक. "डावीकडे पायाशी पाणी." "लॉक, वायपर, इंडिकेटर अनियमित." या दोन ओळी जोडायला इंजिनिअर लागतो?

पाण्याचं कारण काय सांगितलं? "एसीचं पाणी असेल." एसीची ड्रेन नळी तुंबली की पाणी आत येतं, हे मलाही माहीत आहे. पण ते पाणी एसी चालू असताना येतं, स्वच्छ असतं, गार असतं. माझी गाडी एसी न लावता रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी पाणी, आणि तेही मातकट. हे मी समोर उभं राहून सांगितलं. तरी त्यांनी नळी साफ केल्याचे पैसे लावले. लीक टेस्ट म्हणून पुढच्या काचेवर पाइपने जेमतेम दोन मिनिटं पाणी मारलं, "आत काही आलं नाही" म्हणाले, वर काचेच्या कडेला सिलिकॉन फासून दिलं. वास जावा म्हणून ओझोन ट्रीटमेंट, त्याचं वेगळं बिल. फोम ओला तसाच! वास कुठून जाणार?

नवा बीसीएम पुढच्या मोठ्या पावसापर्यंत टिकला. पुन्हा तोच खटाखट आवाज.

शेवटी एका रविवारी आम्हीच बसलो शोधायला. ग्लोव्ह बॉक्स काढला, मी सीटवर उलटी होऊन डोकं डॅशबोर्डखाली घातलं, मोबाइलचा टॉर्च लावला. नवऱ्याला सांगितलं, बॉनेट उघड आणि वायपरखालच्या जाळीवर तांब्याने सावकाश पाणी ओत. पाइप नको, सावकाश. बराच वेळ काही नाही. मग दिसलं. इंजिनच्या बाजूने एक काळी वायर पत्र्यातून आत येते, तिच्या पोटाखालून एक थेंब पुढे सरकला. थांबला. मागून दुसरा आला, त्याला मिळाला, आणि दोघे मिळून वायरच्या उतारावरून सरळ बीसीएमच्या कनेक्टरमध्ये. कनेक्टर काढून बघितला तर पितळी पिनांवर हिरवा-पांढरा क्षार साचलेला. एक पिन तर बोट लावताच तुटली.

ती काळी वायर कुठली? फॉग लॅम्पची. बसवली कोणी? याच शोरूमने, गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी, ॲक्सेसरी पॅकमध्ये. बिल आहे माझ्याकडे. कंपनीच्या वायरी पत्र्यातून जिथे आत येतात तिथे भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराची घट्ट कडी, असतो, पाणी आणि धूर अडवायला. यांच्या फिटरने त्या ग्रोमेटला ब्लेडने चीर दिली, वायर ढकलली आणि सील न करता बॉनेट बंद केलं. वायर आत जाण्याआधी थोडी खाली झुकवून मग वर न्यायची असते, म्हणजे पाणी त्या वाकणावरून बाहेरच टपकतं. घराच्या मीटरची वायर ओढणाऱ्या पोराला हे कळतं. ज्यांच्या भिंतीवर ट्रेनिंगची सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलीत त्यांना कळत नाही? त्यातून वायपरखालच्या पन्हळीची डावी वाट कुजक्या पानांनी बंद झालेली. पाणी बाजूने खाली जायचं ते भरून पत्र्यावरून ओघळत थेट त्या चिरेवर. ही वाट साफ करणं त्यांच्या मान्सून चेकअपच्या यादीत नाही. फवारा, पॉलिश आणि सुगंधी डबी आहे.

इन्शुरन्सवाल्यांकडेही जाऊन आले. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांचे क्लेम कसे झाले ते इथे सगळ्यांनी पाहिलंय. पुराचं नुकसान पॉलिसीत बसतं. पण साध्या पॉलिसीत "इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन" आणि "कॉन्सिक्वेन्शियल लॉस" (एका बिघाडामुळे पुढे झालेलं नुकसान) वगळलेले असतात, आणि झिरपलेल्या पाण्याने मॉड्यूल गेलं की बोट तिथेच ठेवलं जातं. म्हणजे गाडी अख्खी बुडाली तर पैसे, फिटरच्या ब्लेडमुळे थेंब थेंब मेली तर खिशातून.

आणि वॉरंटी? मॅनेजर शांतपणे म्हणतो, "बाहेरच्या वायरिंगमुळे झालेलं नुकसान कव्हर होत नाही." बाहेरचं! त्याच्या टेबलापासून वीस पावलांवर बसवलेलं वायरिंग बाहेरचं! पावती पुढे केली तर म्हणतो, ॲक्सेसरी सेक्शन वेगळा आहे. बोर्ड एक, पावतीवरचा शिक्का एक, पैसे घेताना खिडकी एक. जबाबदारी घ्यायच्या वेळी सेक्शन वेगळे?

ग्रोमेट आता आम्ही बाजारातून आणून बदललाय, वायरला वाकण दिलंय, फोम उचलून गॅलरीत पंख्याखाली वाळवलाय. पिना आमच्या इथल्या वायरमनने बसवून दिल्या, ग्रोमेटसकट सगळा खर्च हजाराच्याही आत. त्यानंतर पाऊस तुफान झाला, आत टिपूस नाही. म्हणजे बॅटरी, दोन वेळचं लेबर, १८,५००चा बीसीएम, ओझोन, एसीची नळी, सगळं उगाच. आणि घाटात आईसोबत जे झालं ते उगाच.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, कागद तयार आहेत: डिलिव्हरीचं बिल, सगळी जॉबकार्डं, चिरलेला ग्रोमेट, तुटक्या पिनेचा फोटो, तांब्याने पाणी ओततानाचा व्हिडिओ. काल मॅनेजरचा फोन आला, मिटवून टाकू म्हणाला, एक इंटीरियर क्लीनिंग फ्री देतो. नको मला क्लीनिंग. मला माझे पूर्ण पैसे परत हवेत, आणि जॉबकार्डवर सहीशिक्क्यानिशी लिहून हवंय की पाणी तुमच्या फिटरने पाडलेल्या चिरेतून आलं.