विटा आणि कागद

बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचं की नाही, हा वाद शाळेच्या ग्रुपवर पुन्हा पेटलाय. परवा एका मित्रानं लिहिलं, "इंग्लंडात असतं तर विटेलाही हात लावू दिला नसता." वाचून चीडच आली. १९ वर्षं इथे काढलीत मी.

लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनला गाडीला वेळ असला की मी वॉकर या चित्रसंग्रहालयात शिरतो. तिथे चित्रकार विल्यम होगार्थनं रंगवलेला डेव्हिड गॅरिक, अठराव्या शतकातला इंग्लिश नट, आहे, शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत. बॉसवर्थच्या लढाईआधीची रात्र. भुतं दिसली म्हणून राजा तंबूत दचकून उठलाय, पंजा पुढे, बोटं फाकलेली. चित्राचे २०० पौंड मिळाले आणि ते यॉर्कशरमधल्या एका धनिकाकडे गेलं. बाकीच्यांच्या घरी गॅरिक पोचला तो १७४६च्या छापातून. होगार्थ आणि चार्ल्स ग्रिन्यों या दोघांनी तो तांब्याच्या पत्र्यावर कोरला. त्याआधी, १७३५ साली, होगार्थनं खटपट करून कायदा करून घेतला होता: कोरलेल्या चित्राची १४ वर्षं कुणी नक्कल विकायची नाही. नट टिकला तो असा, कुणाच्या तरी पोटापाण्याच्या हिशेबात.

मान वगैरे नंतरचा. १९ ऑक्टोबर १७४१ला याच भूमिकेत गॅरिक लंडनपुढे आला, तो गुडमन्स फील्ड्सच्या बिनपरवान्याच्या थिएटरात. परवान्याशिवाय पैसे घेऊन नाटक करायला बंदी घालणाऱ्या १७३७च्या कायद्यातून वाट काढायला तिथे तिकीट मैफलीचं लावत आणि मध्ये नाटक 'फुकट' दाखवत. परवान्याशिवाय काम करणारा नट कायद्याच्या लेखी भटका, उनाड. नाटक आधी दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यायची सक्ती तर इथे १९६८पर्यंत होती. पुण्यात बालगंधर्व उघडलं त्याच वर्षापर्यंत!

आणि विटांचं म्हणाल तर गॅरिकनं २९ वर्षं चालवलेलं लंडनचं ड्रुरी लेन थिएटर १७९१मध्ये पाडलं, आणखी मोठं बांधायला. इमारत गेली, छाप राहिले. बालगंधर्व रंगमंदिरातली, चित्रकार देऊसकरांनी काढलेली नटवर्य बालगंधर्वांची ती दोन चित्रं किती घरांत आहेत, हे कुणी विचारत नाही. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा चढ्या आवाजातच: विटांवरून भांडताय, आधी कागद सांभाळा.

खाली एका मैत्रिणीनं एवढंच विचारलं, "काकांची हँडबिलं कुठे आहेत रे?"

बाबा प्रत्येक नाटकाचं हँडबिल ठेवायचे. तिकिटांची अर्धुकंसुद्धा. आई गेल्यावर घर रिकामं करायला मला नऊ दिवस मिळाले होते. ताई म्हणाली, घेऊन जा. बॅगेत चकलीची भाजणी आणि आईची पातळं होती, वजन भरलं होतं. आठव्या दिवशी रद्दीवाला आला. गठ्ठा मीच उचलून त्याच्या काट्यावर ठेवला. सगळ्यात वर निळ्या शाईत छापलेलं एक हँडबिल होतं. नाटकाचं नाव मी वाचलंसुद्धा नाही.